सासू-जावयामधली बुधली

मित्रांनो, मी पाण्याची एक जुनी बुधली आहे. मातीची नाही, चामड्याचीही नाही. यानाबा नावाच्या बाईने मला रानातल्या लवचीक काड्यांनी विणले. पिन्यनच्या, म्हणजे खायच्या बिया देणाऱ्या बुटक्या पाइनच्या झाडाची राळ पातळ करून माझ्या पोटात ओतली आणि तापलेले खडे घालून मला गरगर फिरवले. मग घोड्याच्या केसांचे कान लावून दोर ओवला. त्या कोरड्या डोंगरात माझ्यातले पाणी कधी पाझरले नाही. त्याला राळेचा वास यायचा. पाहुणे पुन्हा मागून प्यायचे.

अमेरिकेतल्या आमच्या नवाहो लोकांत सासूने जावयाचे तोंड पाहायचे नाही आणि जावयाने सासूचे. पाहिले तर दृष्टी जाते. एकमेकांशी बोलायचेही नाही. यानाबाची मुलगी डेस्बा दोघांचे निरोप इकडून तिकडे न्यायची. तिचा नवरा हास्की. आपली सासू दिसते कशी, हे त्याला ठाऊकच नव्हते.

त्या वर्षी पिन्यनला भरपूर बिया धरल्या. सगळे वेचायला रानात गेले. डेस्बा तान्ह्या मुलीला घेऊन गाडीपाशी बसली. यानाबा टेकडीच्या एका अंगाला, हास्की दुसऱ्या अंगाला. खाली पडलेल्या बियाच वेचायच्या, झाड हलवायचे नाही. हलवायचे काम अस्वलाचे. पण हास्कीला घाई होती. त्याने खोड धरले आणि गदागदा हलवले.

बिया पडल्या. पाखरे गप्प झाली. वारा नव्हता, तरी लांबचे एक झाड हलले. मग त्याच्या अलीकडचे. मग त्याच्याही अलीकडचे. हास्की पळत सुटला, घळीत कोसळला आणि त्याचा पाय मोडला. भर दुपारी धुके उतरले.

त्याची हाक यानाबाने ऐकली. शाल तोंडावर ओढून ती पाठमोरी त्याच्यापर्यंत आली आणि मला दोराने मागे सोडले.

"बुधले," ती म्हणाली, "त्या शहाण्याला सांग, पाणी पी. घोट घोट. घोड्यासारखं नको."

"बुधले, सासूबाईंना सांग, माझा पाय गेला. त्यांनी जावं, पोरीला बघावं."

"त्याला सांग, पोरीला बाप लागतो. काठी घे म्हणावं आणि दोर धर."

"आणि त्यांना विचार, झाडांत काय आहे ते."

"सांग, तूच उठवलंस, तूच ओळख!"

दोराचे एक टोक तिच्या हातात, दुसरे त्याच्या. मी मध्ये. हास्की जमिनीकडे बघत लंगडत होता. मागची झाडे एकामागून एक हलत होती. एवढ्यात यानाबा ठेचकाळून पडली. दोर ढिला झाला.

डावीकडून यानाबाचा आवाज आला. अगदी तिचाच, पण मधात बुडवलेला.

"जावईबापू, इकडे या. इकडे वाट सपाट आहे. लेक रडतेय तुमच्यासाठी."

हास्की डावीकडे वळला. मला ओरडायचे होते, पण बुधलीला कुठली वाचा? तेवढ्यात समोरून कण्हत कोणी म्हणाले, "बुधले! त्या मेंढराला सांग, मी पडलेय, मेलेली नाही. दोर ओढ म्हणावं!"

तो थबकला. दोन्ही आवाज एकच. त्याच्या हाताचा घाम दोरातून माझ्यापर्यंत आला.

"माझी सासू माझ्याशी गोड बोलेल?" तो पुटपुटला. "माझ्याशी ती बोलणारच नाही." मग मोठ्याने म्हणाला, "बुधले, सासूबाईंना सांग, आलो."

डावीकडे काहीतरी जड, मऊ पावलांनी मागे सरले.

दोघे गाडीपाशी पोहोचले. हास्कीने लेक मोठी होताना पाहिली. सासूचे तोंड मात्र तिच्या मरणापर्यंत पाहिले नाही. दरवर्षी तो मला नवी राळ द्यायचा, हात थरथरू लागेपर्यंत.

आता घरात प्लास्टिकची पिंपे आहेत. मी खुंटीवर असते, तडकलेली, कोरडी. मित्रांनो, भरलेल्या बुधलीत दुसरे काही मावत नाही. रिकाम्या बुधलीत मात्र कोणीही राहायला येते. परवा वारा नव्हता, तरी माझ्या तोंडातून तोच मधात बुडवलेला आवाज निघाला, "जावईबापू." अंगणात बसलेला म्हातारा हास्की काठी शोधू लागला.

तुमच्यापैकी कोणी आमच्या घरावरून गेलात, तर आत या. मला थोडी राळ लावा. ओंजळभर का होईना, पाणी भरा. पण लवकर भरा.