धाकलूचा उजवा हात

धाकलूच्या उजव्या हाताची तीन बोटं जेमतेम गुलाबी झाली होती, आणि माणूस दुखण्याने नुसता तळमळत होता. हे गणित इंटर्न डॉ. उन्नतीला जुळेना.

"मॅडम, गरम पाणी सांडलंय," त्याला अंबरनाथहून रिक्षात घालून आणणारा सुपरवायझर प्रीतम म्हणाला. "क्रीम लावा, एक इंजेक्शन ठोका. शिफ्ट चालू आहे."

"कुठे काम करता?" उन्नतीने धाकलूला विचारलं.

"एमआयडीसीत. हेल्पर आहे," उत्तर प्रीतमचं.

"दुखायला कधी लागलं?"

"सकाळी सांडलं, जेवणानंतर बोंबलायला लागला." हेही प्रीतमच.

उल्हासनगरच्या त्या सरकारी हॉस्पिटलात हे रोजचंच होतं. बोलायचं घेऊन येणाऱ्याने. पेशंटने फक्त दुखरा भाग पुढे करायचा. पण गरम पाण्याचा चटका लगेच बसतो. उशिरा ठणका चढतो तो काच कोरायच्या अ‍ॅसिडचा. ते कातडीवर फारसं दिसत नाही, आत उतरून हाड पोखरतं. त्यावर कॅल्शियम लागतं आणि ते लवकर लागतं, नाहीतर बोटं जातात.

तिने ड्युटीवरच्या डॉ. शिवराम म्हात्रेंना गाठलं आणि अ‍ॅसिडची शंका सांगितली.

"पेशंट अ‍ॅसिड म्हणाला?"

"नाही, सर. गरम पाणी म्हणतायत."

"मग अंदाजाने काय देतेस? वदवून घे. तुमच्या बॅचला गोड बोलण्याचे तास झालेत ना? बघू तरी काय शिकलात."

त्या तासात वर्गातलीच एक मैत्रीण खोटी पेशंट झाली होती, आणि उन्नतीने तिच्यावर प्रश्नांची सरबत्ती केली होती. "तू वॉर्डात आहेस की पोलीस चौकीत?" असं शिकवणाऱ्या सरांनी विचारल्यावर सगळा वर्ग हसला होता.

ती परत आली. "दादा, जरा बाहेर बसा. पेशंटशी मी एकटीच बोलते."

"मी आहे ना सांगायला."

"दुखतंय त्यांना," ती म्हणाली. "तुम्हाला नाही."

प्रीतम कुरकुरत बाहेर गेला.

उन्नतीने स्टूल ओढलं. पेन खिशात ठेवलं. अ‍ॅसिडचा प्रश्न अगदी ओठांवर आला होता, तो तिने गिळला.

"धाकलूदादा, खरं सांगितलं तर काय होईल असं वाटतं?"

त्याने दाराकडे पाहिलं. ती गप्प राहिली. गप्प राहणं तिला कधीच जमलं नव्हतं, आणि आता तर एकेक मिनिट त्याच्या बोटांतून जात होतं. तरी ती थांबली.

"गेटच्या आत नाय घेनार," तो अखेर म्हणाला. "बारवीच्या पाड्यावरून येतो आमी. दुसरं काम नाय."

"कामाचा शब्द मी देऊ शकत नाही. खोटं कशाला बोलू? पण बोटांवर औषध आहे. काय सांडलं, तेवढं कळायला हवं."

"काचेवालं अ‍ॅसिड," धाकलू म्हणाला. "हातमोजा फाटका व्हता."

मग म्हात्रे स्वतः धावले. हे अ‍ॅसिड हृदयालाही बाधतं, म्हणून ईसीजी लागला. कॅल्शियमची इंजेक्शनं जेलीत कालवून रबरी हातमोज्यात भरली आणि तो मोजा धाकलूच्या हातावर चढवला.

"दुखण्याची गोळी आत्ता नको," म्हात्रे म्हणाले. "ठणका उतरला तरच औषध लागू पडल्याचं कळेल."

बराच वेळ काही फरक पडला नाही. मग धाकलूचे आवळलेले खांदे खाली आले.

"उतरतंय," तो म्हणाला. आणि कुणी विचारलं नसताना पुढे बोलला, "मॅडम, माज्या जोडीला काम करतो त्या चेतनच्या हातावर पन उडालंय. तो अर्ध्या दिवसानं घरी गेला. त्याला आजून दुखत नाय."

म्हात्रेंनी उन्नतीकडे पाहिलं. "फोन लाव त्याला."

"मीच लावतो," धाकलू म्हणाला. "तुमचं नाय ऐकनार तो." डाव्या हाताने त्याने फोन कानाला लावला. "चेत्या, ये आधी. हितली मॅडम ऐकून घेते."

चेतन भावाच्या बाइकवरून आला. दाराशी प्रीतम उठून उभा राहिला. "तुला काय झालं आता?" चेतन त्याला ओलांडून थेट उन्नतीपुढे आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "काचेवालं अ‍ॅसिड. सकाळी उडालं."

औषध भरलेला मोजा तयारच होता. म्हात्रेंनी आपल्या हाताने चेतनसाठी स्टूल सरकवलं. "बसा. सगळं सावकाश सांगा," ते म्हणाले, आणि त्याच्यासमोर स्वतःही बसले.

शिफ्ट सुटायची वेळ झाली. धाकलू मोज्यातली पाचही बोटं हळूहळू मिटून उघडून बघत होता. चेतनचा ठणका उठलाच नाही.