कुलूपवाल्याची दुपार

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. कारखान्यात माझी काच घासूनपुसून बसवली आणि मला चौकातल्या उंच खांबावर टांगलं. समोरच्या घराची खिडकी माझ्या टप्प्यात येत होती. तेव्हा पोलीस ठाण्यात आमचं चित्रण जपणाऱ्या नोंदबाई म्हणाल्या, "अहो, मान वळवा त्याची. रस्त्यावर नजर ठेवायची परवानगी आहे, कोणाच्या घरात डोकवायची नाही!"

सात वर्षं मी ऊनपाऊस झेलला. चोर सापडला की माझं कौतुक होई. एरवी कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली तरी कोणी वर बघत नसे.

मग माझी काच तडकली आणि मला उतरवून नोंदबाईंच्या खोलीत ठेवलं. त्याच आठवड्यात कुलूपवाल्याची मुलगी तिथे आली. एका दुपारी दवाखान्यातलं औषधांचं कपाट फोडल्याच्या आरोपावरून तिचा बाप कोठडीत होता. कुलपं उघडण्याची हत्यारं त्याच्याकडे होती, एवढाच काय तो पुरावा.

"बाबा त्या दुपारी चौकातच बसले होते हो," ती रडवेली होऊन म्हणाली.

माझं चित्रण तीस दिवसांनी आपोआप पुसलं जाई. तो एकोणतिसावा दिवस होता! बाईंनी हातातलं काम टाकून ते शोधलं. कपाट फुटलं नेमक्या त्याच वेळी कुलूपवाला एका आजीबाईंच्या पेटीच्या कुलपाशी झटापट करताना स्वच्छ दिसत होता.

ठाण्याचे साहेब वैतागले. "आपणच धरलेला माणूस आपणच सोडवायचा? हा तर आपल्याच पायावर धोंडा!"

"साहेब, सोयीचं दाखवायचं आणि अडचणीचं झाकायचं, अशी मुभा कायद्यानं आपल्याला दिलेली नाही. त्याच्या वकिलाला हे द्यावंच लागेल."

साहेबांनी चित्रण पुन्हा एकदा पाहिलं. मग ते वकिलाला देण्याच्या कागदावर त्यांनी सही केली.

पुढचं मी बाईंच्या तोंडून ऐकलं. न्यायालयात साहेब स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, "हे चित्रण आमच्याकडेच होतं. आम्ही ते आधीच पाहायला हवं होतं."

मी थक्क झालो. गाड्या त्यांच्या, कोठडी त्यांची, शिक्के त्यांचे. आणि एवढं मोठं सरकार एका कुलूपवाल्याच्या दुपारपुढे मान लववून उभं!

सुटल्यावर तो हात जोडून आला. "उपकार झाले, बाई."

"उपकार कसले? हक्क होता तुमचा."

मित्रांनो, मला पाहता येतं, पण बोलता येत नाही. मी पाहिलेलं खरं पुढे नेऊन ठेवायला माणूसच लागतो. उद्या तुमच्यापैकी कोणी साहेबांच्या खुर्चीत बसेल. तेव्हा स्वतःच्या विरुद्ध जाणारं खरंही जपा. कोठडीत कोणीतरी त्याचीच वाट पाहत असेल.