बोरूची गाठ

दिवा दोनदा लुकलुकला आणि गेला. खाटेवरच्या आजीचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं.

"आजी, धीर सोडू नको, आलेच मी," म्हणत वीजघर सांभाळणारी ओन्नोराय भातशेतीच्या पायऱ्यांवरून वर धावत सुटली. वीजघराला पाणी नेणाऱ्या पाटाच्या तोंडावरच्या जाळीत पाला अडकला असणार. पण तिथे तर आजीचा नवरा, आपो, सकाळपासून राखणीला बसला होता. झोपला की काय म्हातारा?

आपो टक्क जागा होता. जाळीपुढे पाल्याचा ढीग साचला होता, सगळं पाणी बाजूने नदीत चाललं होतं, आणि हा हात काखेत दाबून नुसता उभा!

"डोळे फुटले का तुझे? पाला काढायला काय धाड भरली होती?"

त्याने जाळीजवळच्या काठीकडे बोट केलं. काठीला बोरूची, म्हणजे नदीकाठच्या वेताळ गवताची, गाठ होती. पोरं पाण्यात उड्या मारतात म्हणून ओन्नोरायनेच ती काल बांधली होती. अशी गाठ दिसली, की बांधणाऱ्याशिवाय तिथे कुणीच हात लावत नाही. गावात आजवर कुणी लावला नव्हता.

तिने गाठ ओरबाडून फेकली. तशी आपोने पाण्यात उडी घेतली. दोघांनी ओंजळी भरभरून पाला उपसला. पाणी पाटात घुसलं आणि थोड्या वेळाने खालून वीजघराची घरघर ऐकू आली.

"तिकडे आजी गुदमरत होती, आपो! निदान मला हाक तरी मारायचीस!"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. हाका मारमारून त्याचा आवाज केव्हाच गेला होता.