मेयरचा पहिला घोट

आमच्या एनॉकला मेयर व्हायचं वेड लहानपणापासून. वडिलांचा धंदा मेणबत्त्यांचा. म्हणजे चरबी वितळवायची, तिच्यात वाती बुडवायच्या आणि जन्मभर त्या वासात राहायचं. थ्रॅपलीतली बडी मंडळी आमच्या दारावरून जाताना नाकाला रुमाल लावायची. एनॉक म्हणायचा, "एक दिवस हेच लोक मला बघून टोपी काढतील, डॉर्कस." मी म्हणायचे, "काढतील की, वारा घ्यायला."

पण झाला पठ्ठ्या मेयर. त्याची बायको गेल्यापासून घर मीच सांभाळत होते, म्हणून चर्चमध्ये पुढच्या बाकावर मेयरीणबाई म्हणून मीच, त्याची थोरली बहीण. मी मखमलीचं टोपडं शिवून घेतलं. खोटं कशाला बोलू, मला ते सगळं आवडत होतं.

आता त्याला एकच गोष्ट हवी होती, दुसरं वर्ष. लागोपाठ दोनदा मेयर झालेल्याचीच तसबीर आमच्या नगरभवनात लागते. भिंतीवर सगळे जमीनदार नाहीतर वकील, मेणबत्तीवाला औषधालाही नाही. एनॉकनं चित्रकारसुद्धा ठरवून ठेवला होता. कुठल्या बाजूनं चेहरा बरा दिसतो हे तो रोज आरशात बघायचा. मी म्हटलं, "पाठमोरा काढायला सांग."

एप्रिलात डॉक्टर पेलिंग घरी आला. पोरगेला माणूस, नुकताच गावात आलेला. खालच्या आळीतल्या ऑस्वाल्ड संताच्या विहिरीत टॅनर गल्लीतल्या संडासांची घाण झिरपतेय, असं त्याचं म्हणणं. "बंदरात कॉलरा आलाय, मेयरसाहेब. इथं पोचला तर ती गल्ली रिकामी होईल."

एनॉकनं पालिकेत विषय मांडला, तर सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसला हंफ्री बॅगशॉ. त्याचा बिअरचा कारखाना, आणि पाटीवरच लिहिलेलं, 'संताच्या पाण्याची'. म्हणाला, "पिढ्यान्‌पिढ्या गाव हेच पाणी पितंय. तुझ्या डॉक्टरला आधी मिसरूड तर फुटू दे." ठराव आपटला.

मे महिन्यातला येशूच्या स्वर्गारोहणाचा सण तोंडावर आला होता. त्या दिवशी आम्ही विहीर फुलांनी सजवतो आणि मेयर कथलाच्या पेल्यातून पहिला घोट घेतो. दवंडीवाला घंटा वाजवून ओरडतो, "मेयर प्याला, गाव प्या!" मेयर प्याला नाही, तर विहिरीला कुलूप. ते काढायचं नव्या मेयरनं, नोव्हेंबरात, गावासमोर पहिला घोट घेऊन. माझ्या आजीच्या वेळी एक मेयर सणाच्या दिवशीच दारू पिऊन आडवा झाला होता, तेव्हा गावानं कुलूपही पाळलं आणि त्याला पुन्हा कधी खुर्चीही दिली नाही.

न्याहारीला एनॉक म्हणाला, "मी नाही प्यालो तर?"

"तर तसबिरीची खुंटी मोकळी राहील. दुसरं काय?"

"आणि प्यालो तर?"

मी पावाला लोणी लावत राहिले. टॅनर गल्लीतली अर्धी पोरं मी बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलेली.

सणाच्या दिवशी त्यानं पेला भरून घेतला, तोंडापर्यंत नेला आणि पायरीवर उपडा केला. दवंडीवाल्याची घंटा हातातच राहिली. मग मागून कोणीतरी ओरडलं, "चरबीवाल्याला चरबी चढली!" आणि साऱ्या गावानं ते उचलून धरलं. एनॉकनं स्वतःच्या हातानं कुलूप लावलं. घरी येईपर्यंत आमच्या अंगावर फुलं पडत होती, पण देठांसकट आणि नेम धरून.

तो उन्हाळा वैऱ्यालाही नको. टॅनर गल्लीच्या बायका चढ चढून वरच्या आळीच्या हापशावर जायच्या आणि येताजाता आमच्या दाराशी उभ्या राहून उद्धार करायच्या. मिसेस टिपिंग सगळ्यांत तिखट. बादल्या खाली ठेवून म्हणायची, "मेयरसाहेबांच्या कृपेनं माझी कंबर गेली हो!" आमच्या मेणबत्त्या कोणी घेईना. मखमली टोपडं घालून मी चर्चला गेले की शेजारच्या बायका बाक सोडून उठायच्या.

जुलैत कॉलरा वॉशमला आला. वॉशम म्हणजे आमच्या पलीकडचंच गाव. तिथं मेलेल्यांसाठी दिवसभर चर्चची घंटा वाजायची आणि वारा इकडे वाहत असला की आम्हाला ऐकू यायची. थ्रॅपलीत मात्र कोणी मेलं नाही. आणि तिथंच एनॉकचा घात झाला. "कुठाय कॉलरा? उगाच आमची विहीर बंद केली," लोक म्हणायला मोकळे. एनॉक मला म्हणाला, "चार माणसं मेली असती ना, तर मला डोक्यावर घेऊन नाचले असते." आणि बोलून झाल्यावर स्वतःच घाबरला.

नोव्हेंबरात पालिकेनं बॅगशॉला मेयर केलं. एनॉक घराबाहेर पडला नाही. मी विहिरीवर गेले. बघू तरी, म्हटलं.

बायका बादल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या, मिसेस टिपिंग पुढे. बॅगशॉनं थाटात कुलूप काढलं, पेला भरला, उंच धरला आणि तोंडाला लावला. गाल फुगले. दवंडीवाल्यानं घंटा उचलली. पण माझी नजर बॅगशॉच्या गळ्यावर होती, आणि गळा काही हलला नव्हता. वॉशमची घंटा यानंही ऐकली होती तर!

"बॅगशॉसाहेब," मी ओरडले, "दोन शब्द बोला की! भाषण केल्याशिवाय कधी घरी गेलात का तुम्ही?"

लोक हसले. "भाषण! भाषण!" ओरडायला लागले. बॅगशॉनं हात हलवून नाही-नाही केलं. चेहरा लाल झाला, डोळे बाहेर आले. सगळे वाट बघत राहिले आणि हसू हळूहळू विरलं. शेवटी त्याच्या ओठांच्या कडेनं पाणी सुटलं, हनुवटीवरून ओघळून मेयरच्या सोन्याच्या साखळीवर आलं. त्याच्या तोंडचं पाणी असं पळालेलं सगळ्या गावानं पाहिलं. दवंडीवाल्यानं घंटा खाली ठेवली आणि कुलूप परत लावलं.

मी निघाले, तर मिसेस टिपिंग मागून आली. हातात रिकाम्या बादल्या. आमच्या दारापाशी थांबून म्हणाली, "तुझ्या भावाला सांग..." मग अडखळली. "सांग की वरचा हापसा फार लांब पडतो. पण जाऊ आम्ही."

आत एनॉक उभाच होता. मी त्याला निरोप जसाच्या तसा दिला. त्यानं तो मला पुन्हा एकदा सांगायला लावला, आणि मग खुर्चीत बसून हमसून हमसून रडला.