मावशी अजून आत आहेत

मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या, बाळाच्या लसीची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीचा डिंक सुटला होता आणि तिच्याखालून जुनी चिठ्ठी डोकावत होती — ग्रुपमधल्या वायरमन काकांच्या ठसठशीत अक्षरातली : आधी बाहेर पडायला शिकव. शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरणाऱ्या कंप्यूटर युजर ग्रुपमध्ये ती नवख्यांना कमांड शिकवायला लागली, त्याच दिवशी काकांनी ती चिठ्ठी तिच्या हातात ठेवली होती. "मेन स्विच दाखवल्याशिवाय मी उभ्या जन्मात कुणाला बटणाला हात लावू दिला नाही गं." आणि ती हसली होती... "काका, लॅपटॉपचं झाकण मिटलं की झालं! घाबरवू नका हो माझ्या माणसांना."

झाकण मिटून होत नाही. घरून ग्रुपच्या सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कंप्यूटरवर, शिरलेला माणूस 'एक्झिट' न म्हणता उठला, तर त्याचं नाव मागे तसंच राहू शकतं, आत बसल्यासारखं.

बाळ नुकतं झोपलं होतं. त्याची छाती हलतेय ना ते पुन्हा एकदा बघून तिने सर्व्हरला विचारलं, आत कोण कोण आहे? दोन ओळी. एक तिची. दुसरी शनिवारी शिकायला येणाऱ्या मावशींची — चार दिवस हालचाल नाही.

मावशी एकट्या राहायच्या, शिवणकाम करायच्या आणि अंगुस्तान घातलेल्या बोटानेच कीबोर्ड ठोकायच्या. एरर आली की, "मास्तरीणबाई, हे माझ्यावर खेकसतंय का हो? माझं शिवणयंत्र बरं, दोरा तुटला की नुसतं खडखडतं, पाणउतारा नाही करत." दुसऱ्याच्या पडद्यावर निरोप धाडायची कमांड मात्र त्यांनी एका बैठकीत उचलली, आणि मग रोज दुपारी, बाळ झोपायच्या वेळी, काळ्या पडद्यावर उमटायचं — मास्तरीणबाई, आहात का? दिवसभरात मोठ्या माणसाने तिला विचारलेला तेवढाच प्रश्न... नवऱ्याचा 'जेवलीस का' धरला तर दोन, पण तो फोनवर, उत्तराला न थांबता.

सोमवारी त्यांनी लिहिलं होतं, थांबा हं, आलेच. तेवढ्यात बाळ रडलं, ती उठली; परत आली तर पुढे काहीच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं — कपडे वाळत घालायचे राहिले होते.

काल मावशींचा फोन नुसता वाजत राहिला. आज बंद.

"अगं, मागच्या महिन्यात हेच झालं ना?" नवरा फोनवर म्हणाला. "तू ग्रुपभर बोंब मारलीस, आणि त्या बहिणीकडे मजेत! उद्या शनिवार, येतील की. तुला बाळ शिंकलं तरी न्यूमोनिया दिसतो."

दिसतो खरा. तेव्हा मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "मास्तरीणबाईंनी मला जिवंतपणीच पोचवलं!" सगळे खो खो हसले, तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काका तेवढे हसले नव्हते... बाहेर पडायला शिकवलं असतं तर आज त्या ओळीने एकच काहीतरी सांगितलं असतं. आता ती दोन्ही सांगत होती — मावशी कधीच उठून गेल्या; किंवा तिथेच आहेत, आणि त्यांना उठता येत नाहीये.

तिने वाचनालयात फोन लावला. नोंदवहीत पत्त्याच्या रकान्यात मावशींनी लिहिलं होतं : बस डेपोसमोर.

"कुठल्या डेपोसमोर?"

"ते नाही लिहिलं हो ताई."

शहरात डेपो पाच. उद्या मावशी ठणठणीत समोर उभ्या राहतील, पुन्हा तोच विनोद करतील, सगळे हसतील — हसू देत. असं मनात आलं आणि तिला नवल वाटलं. काळजी होती तिथेच होती, पण लाज कुठे गेली कोण जाणे. तिने बाळाला झोपेतच खांद्यावर घेतलं, चपला पायात सरकवल्या आणि एका हाताने फोनवरून ग्रुपभर निरोप धाडला :

मी जवळच्या डेपोकडे निघाले आहे. बाकीच्या चारांपैकी एखाद्यासमोर तुम्ही राहत असाल, तर मावशींना बघून या ना जरा. त्यांच्या बोलण्यातून एवढंच कळलंय — तिसरा मजला, लिफ्ट नाही, दारावर 'फॉल-बिडिंग करून मिळेल' अशी पाटी. बेल बिघडलेली आहे. दार जोरात वाजवा.