मंगळवारचा ठराव

आनंद घाटपांडे यांनी व्याख्यान द्यायचं कबूल केलं आहे, हे त्यांच्या बायकोला फोनवर आलेल्या एका चित्रावरून कळलं. वर तिरंगा, खाली सरांचा जुना, भरल्या गालांचा फोटो आणि मजकूर: 'राष्ट्रध्वज दिन. प्रमुख वक्ते आनंद घाटपांडे सर.' हडपसरच्या पुढं मांजरी गावातल्या एका नव्या सोसायटीचा कार्यक्रम होता. परवा, रविवारी सकाळी.

"अहो, हे काय आहे?" कुसुमताईंनी फोन त्यांच्यापुढे धरला.

सरांनी चष्मा सारखा करून निरखून पाहिलं. "छान आहे की. कोण हे?"

सरांनी नारायण पेठेतल्या शाळेत तीसेक वर्षं इतिहास शिकवला होता. संविधान सभेनं बावीस जुलैला तिरंगा स्वीकारला, म्हणून त्या तारखेला वर्ग कुठलाही असो, धडा कुठलाही असो, सर ध्वजावरच बोलत. शाळेत त्या तासाचं नाव झालं होतं. दुसऱ्या तुकडीतली मुलं मागच्या बाकांवर येऊन बसत.

मग गेल्या वर्षी त्यांना विसरायला होऊ लागलं. आधी चष्मा, मग बँकेतली सही, मग घरची गल्ली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि धीर धरा म्हणाले. धीर कुसुमताईंनी धरायचा होता. सर पहाटे उठून शाळेला निघत, म्हणून कुसुमताईंनी दाराला वर एक कडी बसवून घेतली. त्यांची स्वतःची झोप कडी जराही वाजली की मोडू लागली. बंगळुरूला असलेल्या अवधूतला, त्यांच्या मुलाला, त्यांनी 'बाबांचं वय झालंय' एवढंच सांगितलं होतं. शेजारीपाजारी तेवढंही नाही. सांगितलं की लोक येतात, चहा पितात आणि आपल्या आत्याचं शेवटी काय झालं ते ऐकवून जातात, असा त्यांचा अनुभव होता.

त्यांनी चित्राखालच्या नंबरावर फोन लावला. रणजित नावाचा सोसायटीचा सेक्रेटरी बोलला. तो सरांचाच विद्यार्थी निघाला.

"काकू, मी फोन केला तर सर लगेच हो म्हणाले. मला म्हणाले, येतो म्हणजे काय, येणारच. सगळ्या बिल्डिंगांत सांगून झालंय. गाडी पाठवतो मी, तुम्ही फक्त बसायचं."

कार्यक्रम रद्द करा, हे सांगायला कुसुमताईंनी तोंड उघडलं होतं. पण मग का ते सांगावं लागलं असतं, त्यावर तो काय बोलेल ते ऐकावं लागलं असतं. तेवढं त्राण त्यांच्यात नव्हतं. "बरं," त्या म्हणाल्या. "गाडी नऊला पाठव."

रविवारी त्यांनी सरांची दाढी करून दिली, पांढरा सदरा घातला. हडपसरपर्यंत सर खिडकीतून पाट्या वाचत होते. कुसुमताईंचे डोळे मिटत होते, पण सरांचा हात दाराकडे जाई तेव्हा त्या जाग्या होत.

सोसायटीच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. लहान मुलांच्या गालांवर तिरंगे रंगवलेले, मागे उपम्याचं पातेलं. रणजितनं ओळख करून दिली आणि शेवटी म्हणाला, "तारीख खरं तर बावीस, पण ती मंगळवारी येते. सगळ्यांना सुट्टी नसते, म्हणून आपण आज रविवारी घेतोय."

सर खुर्चीतूनच म्हणाले, "सत्तेचाळीसलाही मंगळवारच होता. सगळे आले होते."

हॉल हसला. कुसुमताईंनी पहिल्या रांगेत पाठ टेकली. कदाचित निभेल, असं त्यांना वाटलं.

सर उभे राहिले आणि पाच मिनिटं अगदी पूर्वीसारखे बोलले. स्वातंत्र्य तीन आठवड्यांवर आलेलं, देश तुटत होता, निर्वासितांच्या गाड्या भरत होत्या, आणि तेवढ्यात दिल्लीत काही माणसं एका कापडाबद्दल बोलायला बसली होती, ते त्यांनी सांगितलं. "ठराव छोटा होता," ते म्हणाले, "पण त्याच्यामागं पिढ्या उभ्या होत्या." ते थांबले. त्यांनी टेबलावरून हात फिरवला. "ठराव छोटा होता, पण त्याच्यामागं पिढ्या उभ्या होत्या." कुसुमताई सावरून बसल्या. मग तिसऱ्यांदा तेच वाक्य आलं, त्याच चढउतारांसह. मागं कुणीतरी खाकरलं. दोन-चार जणांनी मोबाईल काढले. रणजित कुसुमताईंकडे पाहू लागला.

सरांना हाताला धरून घरी न्यावं, एवढंच त्यांच्या मनात आलं. पण उठून टेबलाजवळ पोचल्या तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर वर्गाकडून उत्तराची वाट पाहत असल्याचा भाव होता, आणि कुसुमताईंच्या तोंडून निघून गेलं, "सर, एक विचारू?"

"प्रश्न शेवटी," सर म्हणाले. मग जरा मऊ होऊन, "बरं, विचार."

"आधीच्या झेंड्यावर चरखा होता ना? मग तो का काढला?"

"पूर्ण नाही काढला. चाक ठेवलं. पेन आहे का कुणाकडे?"

रणजितनं पेन दिलं. सरांनी खिशातला रुमाल टेबलावर पसरून त्यावर चरखा काढला. डावीकडे मोठं चाक, उजवीकडे सूत गुंडाळायची चाती. मग रुमाल दिव्यासमोर धरून त्यांनी उलटा केला. "आता बघा. चाक गेलं उजवीकडे. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो, एका बाजूनं चरखा उलटा दिसणार. नुसतं चाक कुठूनही बघा, सारखंच. म्हणून अशोकाचं चाक घेतलं."

पुढं बसलेल्या ओवी नावाच्या मुलीनं रुमाल मागून घेतला आणि तो मुलांमध्ये फिरू लागला. मोबाईल खाली गेले. कुसुमताई एकेक विचारत गेल्या आणि सर सांगत गेले. ही उत्तरं इतक्या वर्षांत जेवताना, कपडे वाळत घालताना त्यांच्या कानांवरून गेलेली होती. कुठल्या प्रश्नाला सर अडणार नाहीत ते त्यांना ठाऊक होतं.

"आणि ठराव मंजूर कसा झाला?"

"हात वर करून नाही," सर म्हणाले. "सगळी सभा उभी राहिली. उठा बघू."

सगळे उठले. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला आणि थांबला. सर समोर पाहत राहिले. बसा म्हणायचं राहून गेलं होतं. लोक हात बाजूला धरून ताठ उभे होते, एका आजोबांचे पाय लटपटू लागले. सर कुसुमताईंकडे वळले आणि हळूच म्हणाले, पण माईक समोरच होता, "कुसुम, हे सगळे का उभे आहेत गं?"

कुणी हसलं नाही.

कुसुमताईंनी माईक आपल्याकडे ओढला. "बसा सगळे," त्या म्हणाल्या. "सरांना विसरायला होतं. वर्ष होऊन गेलं त्याला. आज जेवढं आठवलं तेवढं त्यांनी तुम्हाला सांगितलं."

माणसं एकेक करून बसली. त्या आजोबांनी टाळ्या सुरू केल्या. सरांनी मान लववून त्या घेतल्या.

नाश्त्याच्या वेळी तिशीतली एक मुलगी सरांशेजारी येऊन बसली. "मी उत्कर्षा. खराडीत जॉब करते," ती कुसुमताईंना म्हणाली. "माझ्या बाबांना पण हेच होतं. तुम्ही जा, खाऊन घ्या. मी आहे इथे."

"ते उठून जातात."

"मग मी पण जाईन त्यांच्यासोबत."

कुसुमताई उपम्याची बशी घेऊन लांबच्या खिडकीपाशी बसल्या. रणजित मागोमाग आला. "काकू, मला सांगायचं होतंत ना. एवढा त्रास दिला नसता."

"दमले होते रे," त्या म्हणाल्या. "सांगायचं म्हटलं तरी दमायला होतं."

त्यानं खिशातून फोन काढला. "गाडी किती वाजता सांगू?"

"राहू दे जरा."

उपमा गरम होता. पलीकडे सर उत्कर्षाला मंगळवारचं सांगत होते, मग पुन्हा मंगळवारचंच, आणि ती दर वेळी "हो का?" म्हणत होती. कुसुमताईंनी बशी खाली ठेवली आणि भिंतीला डोकं टेकलं. दुपारी त्याच हॉलमध्ये कुणाच्या तरी बारशाची मंडळी फुगे घेऊन आली, तेव्हा उत्कर्षानं त्यांना हलवून उठवलं.