आप्पांचा लेखी खुलासा

निशिकांत आप्पांनी खिशातली पेन्सिल काढली आणि मुलाने टाइप करून आणलेल्या कागदावरचा एक शब्द दुरुस्त केला. फ्युरोसेमाइडच्या स्पेलिंगमधला शेवटचा 'ई' राहून गेला होता. मिरजेच्या इस्पितळात औषधांच्या खिडकीत ज्याने सदतीस वर्षं काढली, त्याला औषधाचं नाव चुकलेलं बघवत नाही. मग तो कागद त्याच्याच मुळावर उठलेला का असेना.

"आप्पा, स्पेलिंगचं राहू द्या हो," अश्विन म्हणाला. "मजकूर बघा."

मजकूर इंग्रजीत, चार ओळींचा होता. मी, वय वर्षे त्र्याहत्तर, सिंगापूरला मुलाकडे आलो असता, विस्मरणामुळे कॅल्शियमची समजून माझी लघवीची गोळी नातीला देत गेलो. तिला याची कल्पना नव्हती. खाली तारीख आणि सहीसाठी रेघ.

ती नात, मधुवंती, समोरच्या सोफ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वय पंधरा, बर्फावरच्या स्केटिंगच्या ज्युनियर संघात निवडलेली. गेल्या महिन्यात बँकॉकच्या स्पर्धेत तिची तपासणी झाली आणि लघवीत हे औषध सापडलं. शरीरातलं पाणी काढून टाकणारं औषध. वजन उतरवायला आणि बाकीच्या औषधांच्या खुणा धुऊन टाकायला वापरतात, म्हणून खेळात त्याला सक्त मनाई. मंगळवारी सुनावणी होती. दोन वर्षांची बंदी बसायची लक्षणं होती. गोळी चुकून पोटात गेली असं पटवता आलं, तर मात्र ताकीद देऊन सोडतील, असं अश्विनच्या वकील मित्राचं म्हणणं होतं.

परदेशात मुलाकडे तीन महिने राहायला येणारा म्हातारा आपली नव्वद दिवसांची औषधं मोजून बरोबर आणतो. आप्पांनीही आणली होती, आणि ती तर फार्मासिस्टने मोजलेली. सातव्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की लघवीच्या सात गोळ्या कमी आहेत. त्यांनी तसं सांगितलंही. घरातल्यांनी चोराचा नाही, आप्पांच्या डोक्याचा संशय घेतला. सुनेने, मीनलने, मरीन परेडच्या दुकानातून वारांची नावं छापलेली प्लॅस्टिकची डबी आणली आणि दर रविवारी ती स्वतः भरू लागली. आप्पांचा दुसऱ्या कशानेही झाला नसता इतका अपमान त्या डबीने झाला. गोळीबरोबर तोही ते रोज सकाळी पाण्याच्या घोटासोबत गिळत होते.

मग खेळाडूंची औषध-तपासणी करणाऱ्या संस्थेचं पत्र आलं आणि सात गोळ्या कुठे गेल्या ते सगळ्यांना कळलं. वारांची डबी मात्र कुणी हटवली नाही.

"तुमच्या वयाच्या माणसाला कुणी एक शब्द बोलणार नाही, आप्पा," मीनल म्हणाली. "नऊ वर्षं पहाटे साडेचारला उठून नेलंय हो मी तिला. पाऊस म्हणून पाहिला नाही, ताप म्हणून पाहिला नाही. सगळं एका गोळीपायी जायचं?"

"सात गोळ्या," आप्पा म्हणाले.

"मिरजेत कुणाला कळणारसुद्धा नाही," अश्विन म्हणाला.

"मला कळेल ना." आप्पांनी पेन्सिल खिशात ठेवली. त्यांना राग आला होता. चुकीचं औषध दिल्याची एकही तक्रार नसलेला माणूस म्हणून ज्याला निरोपाची शाल मिळाली, त्याने म्हातारपणी लिहून द्यायचं, की मी पोरीला भलतीच गोळी चारली! पण समोर ती पोर नखं कुरतडत बसली होती, आणि तिच्या मनगटाचं हाड नको तितकं वर आलेलं त्यांना दिसत होतं. "मधू, बूट घाल. पाय मोकळे करून येऊ."

भुयारी रस्त्याने हायवे ओलांडून दोघं ईस्ट कोस्टच्या बागेत आले. रविवारची गर्दी होती, सायकली, पतंग, कोळशावर भाजलेल्या साटेच्या मांसकाड्यांचा धूर. मधू दोन पावलं पुढे चालत होती.

"ती गोळी काय करते, हे तुला सांगितलं कुणी?" आप्पांनी विचारलं.

"तुम्हीच, आजोबा. आलात त्या वीकमध्ये."

आप्पांना आठवलं. ही शेजारी येऊन बसली होती आणि एकेक पाकीट उचलून विचारत होती. जन्मभर खिडकीपलीकडच्या लोकांनी 'जेवणाआधी की नंतर' एवढंच विचारलं होतं. इतक्या आस्थेने विचारणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं, तेव्हा आप्पा खुलले होते. एका दिवसात शरीरातून लिटरभर पाणी निघतं, म्हणजे किलोभर वजन, हेही त्यांनी हौसेने सांगितलं होतं.

"शनिवारी कोच मॅडम वेट घेतात," मधू म्हणाली. "बोर्डवर लिहितात, सगळ्यांसमोर. हाफ किलो जास्त असलं तर त्या दिवशी जंप्स नाही. बसून बघायचं. म्हणून फ्रायडेला एक घ्यायचे. फक्त फ्रायडेला."

"पायात गोळे यायचे?"

"हो."

"छातीत धडधडायचं?"

ती थांबली. "समटाइम्स."

आप्पा बाकावर बसले. शरीरातले क्षार उतरले की हृदय कसं वागतं हे त्यांना पुस्तकातून नाही, खिडकीतून माहीत होतं. बंदीचं जाऊ दे, ही पोर बर्फावर धाडकन पडली असती आणि परत उठली नसती. आणि ती विद्या मी दिली, त्यांना वाटलं. मग तो कागद कुठे अगदीच खोटा आहे?

"सही करतो मी," ते म्हणाले. "ठरलं. पण गोळीला पुन्हा हात लावायचा नाही. शपथ नको, शब्द दे."

"प्रॉमिस." मग जरा वेळाने ती म्हणाली, "सही केली की बॅन नाही?"

"बहुतेक नाही."

"म्हणजे शनिवारी परत प्रॅक्टिस?"

"होय की. तेच हवंय ना तुला?"

मधू वाकून बुटाची नाडी बांधू लागली. ती सुटलेली नव्हती. आप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. सुनावणीत काय बोलायचं त्याची इंग्रजी जुळवाजुळव त्यांनी मनात सुरू केली होती.

मंगळवारी सकाळी दहाला ते इस्त्रीचा शर्ट घालून त्या खोलीत बसले, तेव्हा मन दगडासारखं घट्ट करून आले होते. एकदा ठरवलं की आप्पा हटत नसत. हा स्वभाव चांगल्या कामांत उपयोगी पडला होता, आज खोट्या कामात पडणार होता. टेबलापलीकडे तिघं जण होते. मधल्या चिनी बाईंनी चष्म्यावरून पाहत अदबीने विचारलं, "अंकल, हे निवेदन तुमचं आहे?"

"येस, मॅडम." आप्पा उठून उभे राहिले. "गोळ्या मी दिल्या. माझी स्मृती आता..."

"त्यांनी नाही दिल्या."

मधू उभी होती. इंग्रजीतच बोलत होती, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं, एका सुरात. "मी घेतल्या. सात. न विचारता. गोळ्या कमी आहेत हे आजोबांनी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही."

"मधू, बस खाली," अश्विन दबक्या आवाजात म्हणाला. ती बसली नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आप्पांकडे पाहिलं. "अंकल, यातलं खरं काय?"

अजूनही वेळ गेलेली नव्हती. घाबरलेलं पोर आहे, आजोबाला वाचवायला बोलतं आहे, असं म्हटलं असतं तर तिघांनाही ते आवडलं असतं. आप्पांनी नातीकडे पाहिलं. तिची नजर खाली गेली नव्हती. तिला वाचवायला खोटं बोलणं त्यांनी मान्य केलं होतं. तिला खोटी पाडणं त्यांच्याच्याने होईना.

"ती खरं बोलते आहे," ते म्हणाले. "माझा कागद खोटा आहे. आणि तो मी पूर्ण शुद्धीवर असताना केला आहे."

निकाल लेखी येणार होता, पण काय येणार ते बाहेर पडताना सगळ्यांना कळलं होतं. मागच्या खुर्चीत बसलेल्या कोच मॅडम कुणाशी न बोलता निघून गेल्या. अश्विन लिफ्टपाशी जाऊन बटण दाबत उभा राहिला. मीनल मात्र व्हरांड्यातच थांबली.

"का गं?" ती म्हणाली. "आजोबा तयार होते ना? त्यांची एवढी काळजी होती तर आधी बोलायचंस."

आप्पांनाही तसंच वाटलं होतं, की पोरीने आपलं नाव राखलं. त्या विचाराने त्यांचा ऊर भरून आला होता.

"आजोबांसाठीपण," मधू म्हणाली. "पण फक्त तेवढंच नाही." तिने नाक पुसलं. "सही चालली असती तर शनिवारी परत काट्यावर. आता टू इयर्स कोणी माझं वेट घेऊ शकत नाही. मी रूल्स वाचलेत, आई. टीमच्या प्रॅक्टिसलापण जायला अलाउड नाही. टू इयर्स मी जेवणार. मग येणार परत. सोडत नाहीये मी, ओके? सोडणार नाही. पण आधी जेवणार."

लिफ्ट आली, दार उघडलं, कुणी आत गेलं नाही आणि ते पुन्हा मिटलं.

"इतकं होत होतं," मीनल म्हणाली, "तर मला एकदा सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं," मधू म्हणाली.